दोन धुराड्यांचा तंबू

हॅरिएटच्या हातून मापात चूक होत नाही, असं गावातले सगळेच म्हणत, आणि हॅरिएट ते कधी नाकारत नसे. उन्हाळा उतरणीला लागून तळ्यावर सकाळचं धुकं बसायला लागलं की बायका काहीतरी निमित्त काढून तिच्या पायरीवर येऊन टेकायच्या. रानात किती पीठ न्यायचं, चरबी किती लागेल, मेणबत्त्या पुरतील का, हे तिला विचारायचं असायचं. हॅरिएट हातातलं शिवण खाली न ठेवता सांगायची, "तुझा नवरा किती खातो ते मला नको सांगूस. तू किती वाढतेस ते सांग."

सप्टेंबरात पाण्यावर उतरणाऱ्या तरंगत्या विमानानं रानात गेलेलं क्री जमातीचं कुटुंब परत यायचं ते नाताळच्या सुमारास, तळी गोठून विमान बर्फावर उतरू लागल्यावर. मधे दुकान नाही, शेजार नाही. विसरलेली सुई विसरलेलीच. म्हणून हॅरिएटच्या शब्दाला मान होता.

त्या वर्षी मात्र तिनं शिवलेला तंबू पाहून गाव चक्रावलं. एक तर तो नेहमीच्या दीडपट लांब. दुसरं म्हणजे शेगडीचं धुराडं बाहेर काढायला छतात पत्र्याची कडी बसवतात, तशा कड्या या तंबूला दोन होत्या. जाणार कोण, तर हॅरिएट आणि तिचा नवरा जोसाया. दोन म्हातारी माणसं.

"चर्च बांधतेस का गं?" एकीनं विचारलं. "पाद्रीबाबांना कळवलंस?"

"कापड उरलं होतं," हॅरिएट म्हणाली.

"आणि दुसरं भोक?"

"जोसायाच्या चिलमीचा धूर जायला."

जोसाया शेजारीच ठोकळ्यावर बसून कुऱ्हाडीला कानस मारत होता. त्यानं मान वर केली नाही. या तंबूच्या बाबतीत आपण बोललो की बिघडतं, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

बिघडलं होतं ते असं.

जोसायाची थोरली बहीण बेला ही हॅरिएटची लहानपणापासूनची मैत्रीण. नणंद ती नंतर झाली. हॅरिएटचं लग्न झाल्यापासून दोन्ही घरं हिवाळा एकत्र काढायची: एक लांब तंबू, दोन टोकांना दोन शेगड्या, दोन बायका. तंबूच्या जमिनीवर स्प्रूसच्या, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या झाडाच्या, कोवळ्या डहाळ्या अंथरायच्या, शेंडे वर आणि देठ खाली, असे की पाठीला एक काडी टोचू नये. आपल्या बाजूच्या डहाळ्या प्रत्येकीनं आपण अंथरायच्या. दुसरीच्या बाजूला हात लावायचा नाही, फक्त नावं ठेवायची. तेवढी मुभा होती, आणि दोघी ती भरपूर वापरत.

गेल्या हिवाळ्यात बेलाचा नवरा मॅल्कम गेला. मुली लग्न करून लांब. बेला सरकारनं बांधलेल्या नव्या घरात एकटी उरली. ज्या बाईला रानात कोणी नेत नाही, ती गावात हळूहळू खिडकी होते. येणारं-जाणारं बघत राहते, आणि मग लोकही तिच्याकडे खिडकीसारखंच बघून पुढे जातात. हॅरिएटला ते बघवेना. शिवाय खरी गोष्ट ही, की जोसाया दिवसभर सापळ्यांवर गेल्यावर त्या पांढऱ्या शांततेत आपण कोणाशी भांडायचं, हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नव्हता.

त्या शिकारीच्या रानाचा कारभारी जोसाया. तिथं कोण हिवाळा काढणार, ते त्यानं ठरवायचं आणि बोलावणंही त्यानंच करायचं. म्हणून उन्हाळ्यात तो, बरेच दिवस शब्द जुळवून, बहिणीकडे गेला. बेलानं त्याला चहा दिला, धुरावलेला मासा दिला. तो खाऊन झाल्यावर जोसाया म्हणाला, "ताई, आता तुला शिकार आणून देणारं कोणी नाही. चल आमच्याबरोबर. तुला काही करायचं नाही. नुसतं बसून खायचं."

बेलानं त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. "बसून खायला मला इथं खुर्ची आहे. भिंतीतून ऊब येते. तूच येत जा माझ्याकडे बसून खायला."

जोसाया घरी आला तो हलक्या मनानं. "नाही म्हणाली. गरम घर आवडलंय तिला."

हॅरिएट मासे कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "तू काय म्हणालास? शब्दन् शब्द सांग."

त्यानं सांगितलं.

"नुसतं बसून खायचं?"

"प्रेमानं म्हटलं."

"प्रेमानं. अरे म्हाताऱ्या, कुत्र्यालासुद्धा असं बोलावत नाहीत. कुत्र्याला म्हणतात, चल, गाडी ओढ."

जोसायानं यावर बराच वेळ विचार केला. "मग जाऊन म्हणू का, की चल, गाडी ओढ?"

"तू आता कुठंही जाऊ नकोस."

हॅरिएटनं स्वतः जाऊन पुन्हा बोलवावं, तर ते फाटक्याला ठिगळ लावल्यासारखं. ठिगळ दिसणारच, आणि बेलाची नजर तर शिवणाच्या बाबतीत घारीची. एकदा दया दाखवली गेली होती, आता तीच दया गोड शब्दांत गुंडाळून आणली तर बेलानं ती दारातूनच परत पाठवली असती. म्हणून हॅरिएटनं तोंड मिटलं आणि दुकानातून कॅनव्हासचा तागा आणला. मोठा तागा.

तंबू झाला. गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी दुसऱ्या कडीबद्दल विचारलं. बेलानं विचारलं नाही. ती आली, दोन्ही कड्यांकडे बघितलं, अंगठा शिवणीवरून फिरवला आणि म्हणाली, "शिवण सरळ आहे." एवढंच. बेला ज्या दिवशी कौतुक करते तो दिवस काही खरा नसतो, हे हॅरिएट जाणून होती. ती धास्तावली.

दुसऱ्या दिवसापासून हॅरिएट चुका करायला लागली.

गावात वाऱ्यानं उडणाऱ्या कागदासारखी बातमी फिरावी इतकं ते विचित्र होतं, पण हॅरिएट आपली शांतपणे चुका करत होती. बेला रोज दुपारी येई, कारण हॅरिएटचं सामान बांधणं बघणं हा तिचा जुना हक्क होता. ती आली तेव्हा पिठाची गोणी आणि रॉकेलचा डबा गळ्यात गळा घालून बसले होते.

बेला उभ्या उभ्या बघत राहिली. "हे काय आहे?"

"काय? जागा होती, ठेवलं."

"जोसाया भाकर खाणार आहे, की पेटवणार आहे?"

"त्याला कुठं चव कळते."

बेलानं ओठ मिटून घेतले. मग गोणी ओढत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली, हात झटकले आणि म्हणाली, "चला, माझी मालिका लागायची वेळ झाली." ती मालिका फ्रेंचमध्ये होती. बेलाला फ्रेंच येत नव्हतं. पण सासू वाईट आहे आणि डॉक्टर त्याहून वाईट, एवढं तिला समजलं होतं, आणि तेवढं पुरत होतं.

पुढच्या दिवशी कुऱ्हाड गोधडीत गुंडाळलेली सापडली.

"उशाला घेणार आहेस?" बेलानं विचारलं.

"अगंबाई, राहिली वाटतं तिथं."

"राहिली. कुऱ्हाड. गोधडीत." बेलानं गोधडी उलगडली, कुऱ्हाडीच्या पात्याला जुन्या बुटाच्या चामड्याचं म्यान बांधलं आणि गोधडीची घडी अशी घातली की तिच्यात हवासुद्धा शिरू नये. "आणि चहा तळाशी का भरलास? उतरल्या उतरल्या माणसाला पहिलं काय लागतं?"

"चहा."

"मग?"

"वय झालं बाई माझं."

"तुझं वय झालं तर माझं काय झालं? मी थोरली आहे." आणि बेलानं पेटी रिकामी करून परत भरली.

एकेका दिवसाला एकेक चूक. हातमोज्यांच्या जोड्या मोडलेल्या. सशांसाठी लावायच्या फासांची तार गुंतवळ होऊन पडलेली, ती बेलानं गुडघ्यावर घेऊन, जुन्या दिवसांना शिव्या घालत, पुन्हा गुंडाळली. बर्फावर चालायचे जाळीचे जोडे उंदरांच्या वाटेत ठेवलेले, ते तिनं आढ्याला टांगले. आठवडा संपता संपता हॅरिएटचं सगळं सामान बेलानं बांधून झालं होतं. जोसाया रोज हे बघत होता, आणि एके संध्याकाळी त्याला राहवेना.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझी आई म्हणायची, सून बांधते ते सामान मूस हरणानं लाथ मारली तरी सुटत नाही. आणि तू रॉकेल..."

"तू गप्प बस. तुझं बोलणंच निस्तरतेय मी."

"पण ती येणार आहे का?"

हॅरिएट सुईत दोरा ओवत होती. दोरा जाईना. "रोज मालिकेच्या वेळेला घरी जाते," ती म्हणाली.

दिवस उरले नाहीत. जोसाया पहिल्या फेरीनं पुढे गेला, कुत्री, होडी आणि करवत घेऊन. तंबू उभारायचे वासे तोडायला त्याला वेळ हवा होता. शेगड्या तिकडेच होत्या, गेल्या वर्षी झाडाला टांगून ठेवलेल्या. धुराड्याचे नळ तेवढे गंजून गळाले होते, म्हणून हॅरिएटनं नवे घेतले होते. तंबू, पीठ, पांघरुणं आणि बाकी सगळं दुसऱ्या फेरीत तिच्याबरोबर जायचं होतं. तोवर जोसायानं एका जुन्या ताडपत्रीखाली, कुत्र्यांच्या उबेला झोपायचं.

विमान जिथून उडे ते तळं गावापासून अर्ध्या दिवसाच्या खडीच्या रस्त्यावर. हॅरिएटचा मुलगा एडविन पहाटे ट्रक घेऊन आला. सामान चढवून झालं, आणि बघतात तर बेला ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसलेली.

"आत्या, तू कुठं?" एडविननं विचारलं.

"पिठाबरोबर. तू खड्डे बघत नाहीस. गोणी फुटली म्हणजे?"

तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. चांगलं अस्वलाच्या पिल्लाएवढं.

"आणि हे?"

"उशी. पाठ दुखते."

एडविननं आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आईनं त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि ते मिटलं. सबंध रस्ताभर तिघं हवामानावर बोलले. मधे एक मोठा खड्डा लागला तेव्हा बेलाची उशी खणखणली, पण त्याबद्दलही कोणी काही बोललं नाही.

तळ्याच्या धक्क्यावर वैमानिक रेझाँ वाट बघत होता. ढगांकडे बघून त्यानं कपाळाला आठ्या घातलेल्या. "चला, पटकन. दुपारनंतर धुकं बसेल, आणि मग दोन-तीन दिवस हलायचं नाव नाही. त्यानंतर माझी दुसरी गिऱ्हाइकं आहेत." मग त्यानं दोघींकडे बघितलं. "दोन बायका. बरोबर. वजन त्याच हिशेबानं धरलंय."

बेला ताठ झाली. "दोन कोण?"

रेझाँला दोघींची जागा हॅरिएटनं आधीच सांगून ठेवली होती. हे भोक शिवायचं राहिलं होतं. "दुसरी म्हणजे माझं शिवणयंत्र," ती धक्क्यावरच्या खोक्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ते जड आहे. मी त्याला बाईच धरते."

रेझाँला हसावं की कसं ते कळेना. त्यानं पिठाची गोणी उचलली. बेला धक्क्यावर उभी राहून, आत जाणारी एकेक वस्तू मोठ्यानं सांगू लागली, कारण बांधणारी तीच होती. "पीठ. चरबी. ओट्स. चहाची पेटी वर ठेव, वर. रॉकेल मागे, लांब. कुऱ्हाडी. तंबू." ती थांबली. "नळ कुठं आहेत?"

"कुठले नळ?" हॅरिएट म्हणाली.

"धुराड्याचे. कुठले म्हणजे?"

हॅरिएटनं ट्रककडे बघितलं. ट्रक रिकामा होता. तिनं धक्क्यावर बघितलं. मग तिला आपल्या मागल्या खोपटाची भिंत दिसली, अगदी समोर असल्यासारखी, आणि भिंतीला पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून उंच टांगलेले नवेकोरे काळे नळ.

"बरं, पुरे झालं आता," बेला म्हणाली. "आठवडाभर बघतेय मी सोंग. पिठाशेजारी रॉकेल ठेवणारी तू? तुझ्या आईनं पाळण्यात शिकवलंय तुला. काढ, कुठं लपवलेत ते."

हॅरिएट हळूच पिठाच्या दुसऱ्या गोणीवर बसली. पिठाच्या गोणीवर तिनं आयुष्यात कोणाला बसू दिलं नव्हतं, नातवंडांनाही नाही. बेलानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"खरंच विसरलीस?"

"खरंच."

"शेगडी आहे आणि नळ नाहीत."

"खोटं विसरायच्या नादात खरं विसरले," हॅरिएट म्हणाली. "तो तिकडे ताडपत्रीखाली कुत्र्यांना चिकटून पडला असेल. परत जाऊन यायचं तर विमान जातं. असंच जायचं तर धुरानं मरायचं, नाही तर थंडीनं. तुला बोलवायच्या पायी मी डोकं गमावून बसले."

"मला?" बेला म्हणाली. "मला कुठं कोणी बोलावलंय?"

"तुझ्या भावानं..."

"माझ्या भावानं मला जेवायला बोलावलं होतं."

हॅरिएटनं मान वर केली. तिच्याजवळ आता लपवायला काही शिल्लक नव्हतं, आणि लपवायला काही नसलं की तिचं बोलणं एकदम सरळ होत असे. "मी कामाला बोलावतेय. माझ्या चुका काढणारं कोणी दुसऱ्या बाजूला बसलेलं नसलं की माझ्या हातून काम होत नाही. बघतेस ना काय होतं ते. सोंग होतं ते आठवडाभर. हे सोंग नाही."

रेझाँ विमानाच्या दारात गोणी धरून उभा होता. आता दोघी इंग्रजी सोडून आपल्या भाषेत बोलत होत्या, ती त्याला येत नव्हती, पण वजनाचं काहीतरी चाललंय एवढं त्याला समजलं, म्हणून तो थांबला.

बेलानं गाठोडं खाली ठेवलं आणि गाठ सोडली. वर सशाच्या कातड्यांची गोधडी होती, तिचीच, तीच ती जिचे केस दर हिवाळ्यात हॅरिएटच्या चहात पडत. गोधडीच्या आत बेलाची कुऱ्हाड, तिचा तवा, आणि एकात एक सरकवलेले काळे पत्र्याचे नळ. कोपराच्या वळणासकट.

"उशी जरा कडकच होती," बेला म्हणाली.

हॅरिएट नळांकडे बघत राहिली.

"मॅल्कमनं आणले होते. मग तो आजारी पडला, लावायचे राहून गेले." बेलानं एका नळावरची धूळ बाहीनं पुसली. मग बेला म्हणाली, "एक सांगून ठेवते. मी नळ कोणाला उसने देत नाही. तू ओली लाकडं जाळतेस, काजळी धरते. नळ जिथं जातील तिथं मी जाणार."

"कधी ठरवलंस यायचं?"

"दोन भोकं बघितली तेव्हा. पण त्यावर कोणी काही बोलेना. मग मी म्हटलं, बघू तरी, ही आणखी काय काय बिघडवून ठेवते."

"आणि रोज मालिका?"

"मालिका चांगली आहे," बेला म्हणाली. "डॉक्टर तुरुंगात जाणार आहे. तुझ्यापायी ते राहिलं माझं."

रेझाँनं आता गोणी आत टाकली आणि विचारलं, बाई येणार आहेत का, आणि येणार असतील तर ते शिवणयंत्र कसं काय. दोन बायका त्यानं धरल्या होत्या, तीन नाही.

हॅरिएटनं एडविनला हाक मारली. "त्या तिसऱ्या बाईला घरी घेऊन जा. सांभाळून. खड्डे बघ."

दुपारी विमान पलीकडच्या तळ्यावर उतरलं तेव्हा जोसाया काठावर उभा होता, दाढीत राख आणि अंगाला कुत्र्यांचा वास. दोन बायका उतरताना पाहून त्याचा चेहरा उजळला. "ताई, आलीस. बरं झालं. आता तू नुसतं..."

"एक शब्द बोलू नकोस," हॅरिएट म्हणाली.

तंबू उभा राहिला. नळ एकाच शेगडीपुरते होते आणि भोकं दोन, तेव्हा शेगडी कुठं लावायची हे विचारायचंही कारण नव्हतं. ज्याचा नळ त्याची बाजू. हॅरिएटनं आपलं अंथरूण मधोमध आणलं, उबेला. दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या कडीत जोसायाचा जुना लोकरी मोजा कोंबला आणि त्याच्या खालची जागा जोसायाला दिली. मोजा तसा बरा होता. फक्त टाचेला भोक होतं.

अंधार पडायच्या आत दोघींनी डहाळ्या आणल्या आणि आपापल्या बाजूला गुडघे टेकून, पाठीला पाठ लावून अंथरायला बसल्या. तंबूत हिरवा, ओला, राळेचा वास भरला. मग बेलानं मान वळवली.

"देठ दिसतायत."

"कुठं?"

"त्या कोपऱ्यात. मुद्दाम ठेवलेत का?"

"नाही," हॅरिएट म्हणाली, आणि तो कोपरा उचकटून पुन्हा लावायला घेतला. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेगडी तापली. बेलानं तव्यावर भाकर टाकली, शेजारी चरबीत माशाचे तुकडे सोडले. आपल्या थंड टोकाला पाय पोटाशी घेऊन बसलेला जोसाया त्या वासानं सरकत सरकत शेगडीपाशी आला. बेलानं त्याला जागा करून दिली. गरम भाकर मोडून, तिच्यावर मासा ठेवून, त्याच्या हातात दिली.

"ये, जोसाया," ती फार मायेनं म्हणाली. "तुला काही करायचं नाही. नुसतं बसून खायचं."

जोसायानं भाकरीकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. हॅरिएट अतिशय लक्षपूर्वक डहाळ्यांचे देठ झाकत होती. त्यानं भाकर शेगडीच्या काठावर ठेवली, कुऱ्हाड उचलली आणि लाकडं फोडायला बाहेर गेला.

"सुकी आण," बेला आतून म्हणाली.